प्राणी कोणासाठी उभा आहे?

तालुक्याच्या गावातल्या जुन्या फोटो स्टुडिओत माणसं इस्त्रीचे कपडे घालून जात. रंगवलेल्या पडद्यापुढे खुर्ची असे. मान किती वळवायची, हात कुठे ठेवायचा हे छायाचित्रकार सांगे आणि समोरचा माणूस ते ऐके. आपण कसं दिसावं हे त्याच्या मनात असे, आणि त्यासाठी तो स्वतःला सावरून बसे. व्यक्तिचित्राला जी प्रतिष्ठा आहे ती या सावरून बसण्यातून आलेली आहे. रानातल्या जनावराचं व्यक्तिचित्र स्टुडिओच्या रीतीनं काढायचं, म्हणजे कोरी पार्श्वभूमी, आखलेला प्रकाश आणि चौकटीत एकटाच जीव, असं ठरवलं की पहिली अडचण इथेच येते. जनावर आपल्यासाठी सावरून बसत नाही. ते फणा काढतं, गळा फुलवतं, जबडा उघडतं, पण ते सगळं दुसऱ्या कोणासाठी तरी असतं. कधी मादीसाठी, कधी वैऱ्यासाठी, कधी नुसतं उन्हासाठी. आणि पुष्कळदा आपल्या भीतीपोटी.

म्हणून असं चित्र समोर आलं की मी आधी प्रकाश पाहत नाही, रेखीवपणाही पाहत नाही. या क्षणी हा प्राणी कोणासाठी उभा आहे, एवढंच विचारतो. उत्तर चित्रातच असतं, फक्त ते वाचता यावं लागतं. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत या प्रश्नाची फार वेगवेगळी उत्तरं सापडतात. त्यामुळे हा विषय मी तिथूनच मांडतो आहे.

कोऱ्या पार्श्वभूमीवरचं प्राणिचित्र आपल्याकडे नवीन नाही. जहांगीर बादशहाच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूरनं गोव्याहून आलेला टर्की कोंबडा रंगवला, पुढे १६२१ मध्ये झेब्रा रंगवला. दोन्ही चित्रांत मागे डोंगर नाहीत, महाल नाहीत. पिसांची घडी आणि अंगावरचे पट्टे एवढंच पाहायला उरतं, आणि तेवढं पुरतं. कॅमेऱ्याच्या जगात ही रीत पक्की झाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. अमेरिकन छायाचित्रकार रिचर्ड अ‍ॅव्हेडन खाणकामगार, गुराखी, भटके अशा माणसांना पांढऱ्या कागदापुढे उभं करून चित्रं काढत असे. त्याच्या हाताखाली काम केलेल्या डेव्हिड लिट्श्वागरनं तोच पांढरा कागद सुझन मिडल्टनसोबत नामशेष होऊ घातलेल्या जीवांमागे धरला. २००६ मध्ये छायाचित्रकार जोएल सार्टोरनं नेब्रास्कातल्या लिंकन शहराच्या छोट्या प्राणिसंग्रहालयात केस नसलेल्या एका उंदरासारख्या प्राण्याचं चित्र काढून ‘फोटो आर्क’ हा उपक्रम सुरू केला. काळ्या किंवा पांढऱ्या पडद्यावरच्या पंधरा हजारांहून अधिक जातींची चित्रं त्यात जमा झाली आहेत. त्यातले बहुतेक प्राणी बंदिवासातले आहेत, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं.

मला अधिक जवळचा वाटतो तो २००९ मध्ये नियाल बेन्वी आणि क्ले बोल्ट या दोघांनी सुरू केलेला ‘मीट युअर नेबर्स’ हा उपक्रम. एक स्कॉटलंडचा, दुसरा अमेरिकेचा. त्यांनी प्राणी स्टुडिओत आणला नाही, स्टुडिओच बांधावर नेला. दुधी रंगाचं अ‍ॅक्रिलिकचं पान, त्याच्या मागून एक फ्लॅश, समोरून मऊ केलेला दुसरा. मागचा प्रकाश इतका वाढवायचा की पार्श्वभूमी पूर्ण पांढरी व्हावी, पण जीवाच्या कडा त्यात विरघळू नयेत. नाकतोडा, बेडूक, गोगलगाय, पाल यांना काही मिनिटं त्यावर ठेवायचं आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं. या पांढऱ्यावर बेडकाच्या मांडीवरची जाळी दिसते, नाकतोड्याच्या पायावरचे काटे मोजता येतात. एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते: चौकटीत मुंगी आणि हत्ती एकाच मापाचे होतात. वाघाला चेहरा आहे हे आपण मानलेलंच आहे. पालीलाही चेहरा आहे हे असं चित्र पाहिल्याशिवाय कोणी मानत नाही.

आणि साताऱ्याच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, पाहण्याजोगे असे चेहरे पुष्कळ आहेत. कासचं पठार फुलांसाठी गाजलं. २०१२ मध्ये कोयना, चांदोली आणि राधानगरीबरोबर ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत गेलं, आणि सप्टेंबरात तिथे माणसांच्या रांगा लागतात. पण जांभ्याच्या दगडाखाली काय राहतं हे त्या रांगेतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. सरीसृपांचे अभ्यासक वरद गिरी आणि आरॉन बाउअर यांनी २००८ मध्ये चाळकेवाडीच्या पठारावरची जमिनीवर राहणारी एक निशाचर पाल जगापुढे आणली. तिच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे: हेमिडॅक्टायलस सातारेन्सिस. त्याआधी २००४ मध्ये कोयनेजवळच्या हुंबरळीतून एक देवगांडूळ नोंदलं गेलं, इंडोटिफ्लस महाराष्ट्रेन्सिस. बिनपायाचा, जमिनीत राहणारा, बेडकांचा दूरचा नातलग असलेला हा उभयचर पाहून लोक त्याला गांडूळ समजतात, नाहीतर साप समजून ठेचतात. पांढऱ्या पानावर त्याच्या अंगाची वळी आणि बारीकसं तोंड नीट पाहिलेला माणूस त्याला ठेचणार नाही, असा माझा विश्वास आहे. अशा जीवांसाठी स्टुडिओ हवाच.

पण त्याच चाळकेवाडीवर एक जीव आहे, ज्याचं खरं व्यक्तिचित्र कुठल्याच स्टुडिओत निघत नाही. २०१६ मध्ये व्ही. दीपक, वरद गिरी, अमोद झांबरे, हर्षल भोसले, प्रवीण कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या मोठ्या गळापंखी सरड्याला सराडा सुपर्बा हे नाव दिलं. नराच्या गळ्याखाली कातडीची घडी असते. पावसाआधीच्या उन्हाळ्यात, विणीच्या दिवसांत तो एखाद्या उंच दगडावर चढतो, पुढचे पाय ताठ करतो आणि ती घडी पंख्यासारखी उघडतो. निळा, काळा, तांबूस नारिंगी असे तीन रंग क्षणभर उघडतात आणि मिटतात, पुन्हा उघडतात. हे मादीसाठी असतं आणि पलीकडच्या दगडावरच्या दुसऱ्या नरासाठी असतं. हाच नर पकडून पांढऱ्या पानावर ठेवला की गळा मिटलेला राहतो. शास्त्रज्ञाला मोजमापासाठी ती घडी चिमट्यानं ताणून पाहावी लागते. ते त्याचं काम आहे आणि त्याला कारण आहे. छायाचित्रकाराला ते कारण नाही. त्याला तो पंखा हवा असेल तर उन्हात पोटावर झोपून दगडाच्या उंचीला यावं, मागचं गवत धूसर होईल असं भिंग निवडावं आणि थांबावं. तो दगडच त्या सरड्याचा मंच आहे, आणि त्याच्या पाठीमागे आभाळाची कोरी बाजू आपोआप मिळते.

या सरड्याची गोष्ट इथेच थांबत नाही. चाळकेवाडीचं पठार पवनचक्क्यांनी भरलेलं आहे. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी तिथे केलेला अभ्यास २०१८ मध्ये ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात आला. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी आढळले. पक्षी कमी म्हणून सरडे वाढले. सरडे वाढले म्हणून खाणं वाटलं गेलं आणि त्यांची अंगं खंगली. घारी-ससाण्यांची धास्ती नसल्यानं ताणाचं संप्रेरकही त्यांच्यात कमी होतं, आणि माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. नरांच्या गळ्याचे रंगही तिथे फिके पडले होते.

छायाचित्रकारानं याचा विचार करावा. पवनचक्कीखालचा सरडा जवळ येऊ देतो, चित्र सोपं जातं, पण रंग उणा असतो. पवनचक्क्यांपासून दूरचा सरडा लांबूनच पळतो, तासन् तास थांबायला लावतो, आणि त्याचा गळा पेटलेला असतो. दोन चित्रं शेजारी ठेवली आणि खाली फक्त ‘सरडा, सातारा’ असं लिहिलं तर पाहणाऱ्याला वाटेल की एकाला प्रकाश चांगला मिळाला. म्हणून कोऱ्या पार्श्वभूमीच्या चित्राखाली जागा आणि तारीख लिहिणं मी सक्तीचं मानतो. पार्श्वभूमी आपण पुसली, तर ती शब्दांत परत देण्याची जबाबदारी आपलीच आहे. पठार, दगडाखाली की गवतात, महिना, वेळ, आणि जीव हाताळला होता की नव्हता, एवढं तरी हवंच.

हाताळण्याबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणं आणि सापळ्यात अडकवणंही येतं. अनुसूचीतला प्राणी फोटोपुरता पकडला, तरी कायद्याच्या नजरेत ती शिकारच. अभयारण्यात छायाचित्रणासाठी जायचं तर त्याच कायद्यानुसार परवाना लागतो. याउप्पर जे कायद्याच्या पकडीत सहज येत नाही तेही बोललं पाहिजे. किडा हलू नये म्हणून त्याला फ्रीजमध्ये गारठवणं, बेडकाला दोऱ्यानं किंवा तारेनं ‘नाचवणं’, पाल पळू नये म्हणून तिचे पाय चिकटवणं, अशा चित्रांना बक्षिसं मिळालेली मी पाहिली आहेत. बेडकाची कातडी ओली असते, तो तिच्यातून श्वास घेतो. कोरड्या, साबण किंवा मलम लावलेल्या हातानं त्याला धरलं की चित्राची किंमत तोच मोजतो. आणि दगड उलटला तर तो होता तसाच परत ठेवावा. दगडाखालची ओल हेच तिथल्या पालीचं घर आहे.

आता सांगलीकडे येतो. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी ज्यांनी जुन्या दिवसांत पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. जिवंत नाग, मडकी, मिरवणूक, अंबामातेचं देऊळ, आणि प्रत्येक नागापुढे कॅमेऱ्यांची दाटी. शिराळ्याच्या लोकांची नागावरची श्रद्धा खरी आहे आणि त्यांचं नाग ओळखण्याचं कसबही खरं आहे. त्याबद्दल मला आदर आहे. पण त्या मिरवणुकांतून निघालेली नागाची जी चित्रं आपल्या कॅलेंडरांवर आणि मनांत बसली, त्या सगळ्यांत फणा उघडा आहे. निवांत नाग फणा काढत नाही. तो भाताच्या खाचरातून, बांधाच्या कडेनं साध्या सापासारखा सरकत जातो, बिळात वेटोळं करून पडतो. फणा हा धोक्याचा इशारा आहे. समोर मडकं हलत असेल, माणसांची गर्दी असेल, तर तो इशारा तो पुन्हा पुन्हा देतो आणि थकतो. आपण त्याच्या भीतीलाच त्याचा चेहरा मानला. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांची मिरवणूक थांबली आणि प्रतिमेची पूजा होऊ लागली. २०२५ मध्ये शिक्षण आणि पारंपरिक ज्ञान या कारणांसाठी केंद्र सरकारनं मोजक्या लोकांना अटी घालून परवानगी दिली. ही परवानगी कुठवर जावी यावर वाद आहे. फणा मिटलेल्या, शेतात चाललेल्या नागाचं एक सुंदर व्यक्तिचित्र शिराळ्याच्या प्रत्येक शाळेत लागावं, याबद्दल तरी दोन्ही बाजूंचा आक्षेप नसावा.

जनावराला उभं करून दाखवण्याची परंपरा या जिल्ह्यात आणखी एक आहे. भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे मूळचे अंकलखोपचे. १८८० मध्ये त्यांनी ‘ग्रेट इंडियन सर्कस’ मुंबईत उभी केली, आणि पुढे म्हैसाळचे देवल, सांगलीचे कार्लेकर, तासगावची परशुराम लायन सर्कस अशी नावं देशभर गाजली. वाघसिंहांपुढे उभं राहणाऱ्या त्या माणसांची हिंमत वादातीत होती. पण सर्कशीच्या जाहिरातींतला स्टुलावर बसलेला वाघ चाबकासाठी बसलेला होता. १९९८ च्या अधिसूचनेनं वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांचे खेळ बंद झाले, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं, आणि ते योग्यच झालं.

कृष्णेतल्या मगरींचं उदाहरण याच्या उलट आहे. औदुंबर, भिलवडीपासून सांगलीपर्यंतच्या पात्रात थंडीच्या दिवसांत त्या वाळूवर, मळीच्या काठावर ऊन खात पडतात. कित्येकदा तोंड उघडं असतं. वर्तमानपत्रात हेच चित्र ‘जबडा वासून बसलेली मगर’ म्हणून छापलं जातं. खरं तर तापलेलं डोकं निववण्यासाठी ती तोंड उघडून पडते. तिच्यापुढे कोणी नाही, ती उन्हासाठी पडली आहे. नावेतून, लांबून, तिला पाण्यात उतरायला न लावता काढलेलं असं चित्र मला व्यक्तिचित्र म्हणून पूर्ण वाटतं. नदीचं सपाट पाणी मागे असतं आणि वेगळ्या पडद्याची गरज पडत नाही. मगरीमुळे इथे माणसं दगावली आहेत, घाटावर धुण्याला जाणाऱ्या बायकांची भीती खरी आहे. पण ऊन खाणाऱ्या मगरीचं भय वाढवून त्या बायकांचं संरक्षण होत नाही.

मोठ्या जनावरांचा स्टुडिओ म्हणजे कॅमेरा ट्रॅप, जनावर समोर आलं की आपोआप चित्र टिपणारा कॅमेरा. अमेरिकेत जॉर्ज शिरासनं तारेला अडखळून स्वतःच फ्लॅश उडवणाऱ्या हरणांची रात्रीची चित्रं काढली. १९०६ च्या जुलैमध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’नं त्याची ७४ छायाचित्रं एकाच अंकात छापली. भारतात वनखात्यातले अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात शिवालिकच्या जंगलात वाघाच्या पायवाटेवर तार लावली. बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन वाघामागे जाणाऱ्या त्या माणसाचं पुस्तक १९२७ मध्ये आलं. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात हे त्यांच्या चित्रांवरून ओळखू येऊ लागलं, आणि पुढे वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथांनी नागरहोळेत याच आधारावर वाघ मोजण्याची शास्त्रीय पद्धत घडवली. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढ्या उंचीवर दोन कॅमेरे समोरासमोर लावतात, कारण डाव्या कुशीचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात. एवढी काटेकोर मांडणी माणसांच्या स्टुडिओतही कमी दिसते. फरक इतकाच की वाघाला कोणी बोलावत नाही. तो आपल्या वाटेनं, आपल्या कामाला चाललेला असतो.

सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये जाहीर झाला. चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य मिळून बनलेला हा पट्टा सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरला आहे. नाव व्याघ्र प्रकल्प, आणि कितीतरी वर्षं वाघाचं चित्र मात्र नाही. २०१८ मध्ये कॅमेऱ्यात एक वाघ आला. मग डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत आणखी एक आला; त्याचे पट्टे २०२२ मध्ये राधानगरीत टिपलेल्या वाघाशी जुळले. दोन रानांमधली वाट अजून चालू आहे, हे त्या दोन चित्रांनी सिद्ध केलं. ही चित्रं करड्या उजेडातली, कोपऱ्यावर तारीख आणि तापमान छापलेली, सजावटीच्या दृष्टीनं अगदी साधी असतील. तरी माझ्या मते या परिसरातली ती सर्वांत महत्त्वाची व्यक्तिचित्रं आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्यातून वाघीण चांदोलीत आणली गेली आणि तिला तारा हे नाव मिळालं. आता तिचीही ओळख अशाच चित्रांतून होत राहील.

बिबट्याबद्दल मात्र सगळ्यात जास्त बोलायला हवं, कारण इथे कॅमेरा आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. कराड, पाटण, वाळवा, शिराळा भागात ऊसतोड सुरू झाली की फडात बछडे सापडतात. मादीनं त्यांना उसाच्या आडोशाला ठेवलेलं असतं आणि ती जवळपासच असते. तोडणी थांबते, माणसं जमतात, बछडा मांडीवर येतो, आणि काही मिनिटांत त्याचं चित्र गावभर जातं. गोड दिसतं ते. कानटोपीतलं लहान मूल जसं दिसावं तसंच. पण मिटलेले कान, चिकटून बसलेलं अंग, विचकलेले इवले दात यांत त्याची धास्ती स्पष्ट दिसते.

त्याच बछड्याचं दुसरंही चित्र निघतं. वनखात्याचे कर्मचारी आणि त्यांच्याबरोबरचे स्वयंसेवक पिल्लांची तपासणी करून सायंकाळी त्यांना त्याच फडात, सापडली त्या जागीच, क्रेटमध्ये ठेवतात आणि शेजारी कॅमेरा लावतात. माणसं दूर जातात. रात्री कधीतरी मादी येते, क्रेट हुंगते, पिल्लाला मानेला धरून उचलते आणि अंधारात नेते. पुन्हा येते, दुसरं नेते. कराड परिसरात आणि जुन्नरकडे अशा भेटी कॅमेऱ्यात नोंदल्या गेल्या आहेत. या चित्रात पांढरा पडदा नाही, मऊ प्रकाश नाही. क्रेट, पाचट आणि इन्फ्रारेडमुळे चमकणारे डोळे एवढंच आहे. पण पिल्लू आता आईसाठी तिथे आहे आणि आई पिल्लासाठी. मांडीवरच्या चित्रातला माणूस इथे नाही, म्हणून हे चित्र शक्य झालं. गर्दीनं, आवाजानं किंवा पिल्लं दुसरीकडे हलवल्यानं मादी आली नाही, तर त्या बछड्याचा उरलेला जन्म पिंजऱ्यात जातो.

सातारा-सांगलीतल्या तरुण छायाचित्रकारांना माझी विनंती आहे. पांढरं पान जरूर घ्या, बांधावर न्या, पाली आणि बेडकांना त्यांचा चेहरा द्या. परवानगी जिथे लागते तिथे आधी घ्या. जागा आणि तारीख लिहा. सरड्याचा गळा आणि नागाचा मिटलेला फणा यासाठी मात्र तुम्हीच त्यांच्याकडे जा आणि थांबा. आणि उसाच्या फडात बिबट्याची पिल्लं दिसली, तर फोन फोटोसाठी बाहेर काढू नका. पिल्लांना हात लावू नका, तोडणी तेवढ्या भागात थांबवा, लोकांना मागे सरकवा आणि वनखात्याच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर लगेच कळवा.